साडीच्या दुकानात नवा सेल्समन : गिऱ्हाईक टिकत नाही

प्रश्न : मुलगा उत्साही आहे, पण वीस साड्या उलगडतो आणि गिऱ्हाईक ‘बघून येतो’ म्हणत सटकतं. काय शिकवू?

उत्तर : आल्या आल्या बजेट विचारू नये, माणूस बिचकतो. कुणासाठी, कोणत्या कार्याला, एवढं विचारा. मग तीनच साड्या, पण पदर आणि काठ पूर्ण उघडून. नापसंत झालेली लगेच बाजूला. ढिगात आवडलेलीही हरवते.

उत्तर : रंग दाराशी उजेडात दाखवा. ट्यूबलाइटखाली वांगी आणि जांभळा सारखेच दिसतात, मग बदलायला येतात. ब्लाउजपीस आहे की नाही, हे न विचारता सांगायचं. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, हे पाठ हवं.

उत्तर : आपल्याकडे नसेल तर शेजारचं दुकान सांगू दे. मालक कुरकुरतात, पण तेच गिऱ्हाईक बस्त्याला परत येतं. आणि ‘ताई, तुम्हाला सगळंच शोभतं’ आधी बंद करा!