विषय : उत्तर : होटगी रोड शाळेच्या फलकाचा मजकूर – छपाई थांबवा

सुहास (शैक्षणिक समिती)
मंडळी, दोन्ही फलक शुक्रवारी सोलापुरात छापायला जाताहेत. मजकूर असा : 'शाळा क्षेत्र. वेगमर्यादा २५. मोडल्यास दुप्पट दंड.' खाली 'सौजन्य' आणि मंडळाचं नाव. सहा बाय चार फुटी फ्लेक्स, लाल अक्षरं. बदल हवा असेल तर आत्ताच सांगा. निधीचा विषय मागच्या बैठकीत संपलाय, तो परत नको.

विद्या
सुहास, 'दुप्पट दंड' काढाच. आपल्या कायद्यात तसं काही नाही. अतिवेगाला मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ लागतं : हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००. शाळेसमोर असो की माळावर, कलम तेच. दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स जप्त होतं. धोकादायक चालवणं वेगळं, ते कलम १८४. त्यात पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० दंड, किंवा दोन्ही. पण तिथे नुसता वेग दाखवून भागत नाही, त्या जागी तसं चालवणं धोक्याचं होतं हे दाखवावं लागतं.

दुसरं, २५ हा आकडा आणला कुठून? केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेत शहर हद्दीत कारची कमाल मर्यादा ७० आणि दुचाकीची ६० आहे. त्याखालची मर्यादा कलम ११२ प्रमाणे राज्य शासनाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने ठरवायची. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि जागेवर कलम ११६ प्रमाणे चिन्हही लागतं. एक असून दुसरं नसेल तर मर्यादा लागू होत नाही. आपल्या फ्लेक्सवर २५ लिहिलं आणि कारवाला ४५ने गेला, तर पोलिसाने पावती कशाची फाडायची?

मिलिंद, सिडनी
विद्याताई, मग इथल्यासारखी वेळ तरी लिहू. आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात शाळेच्या दिवशी सकाळी ८ ते ९.३० आणि दुपारी २.३० ते ४ अशी ४०ची मर्यादा असते. त्या पट्ट्यात दंडही बाहेरच्यापेक्षा जास्त आणि डिमेरिट पॉइंटही (लायसन्सवर चढणारे दोषगुण) जास्त. वेळ लिहिली की लोक पाळतात.

अंबादास, सोलापूर
मिलिंदराव, आपल्याकडे शाळा दोन पाळ्यांत भरते की ओ. सकाळची सुटते तेव्हा दुपारची आत शिरते, आणि भर दुपारी रस्त्यावर जास्त गर्दी असते. तिथलं वेळापत्रक इथे कसं बसेल? वेळ टाकायचीच तर मुख्याध्यापकांकडून दोन्ही पाळ्यांच्या भरण्या-सुटण्याच्या वेळा लेखी घ्या. मर्यादा मागायला अर्ज करावा लागेल, त्याला ते पत्र लागणारच आहे.

आता फ्लेक्सचं. रात्री दिव्यात ते उजळत नाही, वाऱ्यात फाटतं, उन्हाने लाल रंग गुलाबी पडतो. खरं चिन्ह ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर परावर्ती शीट लावून करतात. शाळेचं चिन्ह म्हणजे लाल काठाचा त्रिकोण आणि आत मुलांची आकृती. ते नुसतं सावध करतं. वेगमर्यादेचं चिन्ह गोल असतं : लाल कडा, पांढऱ्यावर काळा आकडा. आदेश देतं ते हे गोल चिन्ह, म्हणून अधिसूचना निघाल्यावर गोलच लागेल. खालची कड दोन मीटरच्या वर ठेवा, नाहीतर उभ्या रिक्षाआड जाईल. आणि चिन्हावर सौजन्य-बिजन्य काही चालत नाही.

सुहास
सौजन्याचा निर्णय कार्यकारिणीचा आहे, तो लिस्टवर बदलता येणार नाही. 'दुप्पट' काढतो. त्याजागी '१००० रुपये दंड' चालेल ना?

विद्या
नाही. पोलीस जागेवर किंवा ई-चलानने घेतात ते कलम २०० खालचं तडजोड शुल्क, म्हणजे कोर्टात न जाता प्रकरण मिटवायची रक्कम. त्याचे आकडे राज्य ठरवतं आणि ते बदलतात. केंद्राची सुधारणा १ सप्टेंबर २०१९ला लागू झाली, महाराष्ट्राचे नवे दर डिसेंबर २०२१मध्ये आले. रंगवलेला आकडा दर बदलला की खोटा ठरतो, आणि खोट्या आकड्याच्या फलकावरची मर्यादाही कुणी मानत नाही. दंडाचा आकडा कुठेच नको. सौजन्याचं म्हणाल, तर रस्त्यावर वाहतूक चिन्ह उभं करायचा अधिकार कलम ११६ खाली आहे, आपल्या कार्यकारिणीकडे नाही.

मिलिंद, सिडनी
पण मोजणार कोण? हवालदाराने 'जोरात होता' म्हटलं की झालं?

विद्या
नाही होत. कलम १८३(३) बघा. एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला लागतो. म्हणजे स्पीडगन किंवा कॅमेरा. कॅमेऱ्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ लागू : उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र, ते दर वर्षी नवं, 'इथे कॅमेरा आहे' असा इशारा, आणि नंबरप्लेट, मोजलेला वेग, तारीख-वेळ-ठिकाण असलेला फोटो. म्हणून अर्जात फक्त मर्यादा मागू नका. शाळा भरता-सुटताना स्पीडगनची तपासणीही मागा.

नंदिनी
वेगाचं ठीक, पण गेटसमोर ॲक्टिव्हावर येणारी नववी-दहावीची पोरं? त्यांच्या पालकांना कुणी सांगणार आहे का?

विद्या
नंदिनी, कलम १९९अ. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. 'सोळाव्या वर्षी चालतं' हे ५० सीसीपर्यंतच्या गाडीपुरतं आणि तेही लायसन्स काढून. ॲक्टिव्हा त्यात बसत नाही.

अंबादास, सोलापूर
हे मात्र फ्लेक्सवर छापा. गेटच्या आत, पालक उभे राहतात तिथे लावा. ती शाळेची जागा, शाळेचं पत्र असलं की पुरे, सौजन्यही तिथे खुशाल लिहा.

रस्त्यावर वेग पाडतो तो गतिरोधक. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या आयआरसी-९९ प्रमाणे गोलसर उंचवटा, रस्त्याच्या लांबीत ३.७ मीटर, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच. तो २५च्या वेगाने आरामात ओलांडता येतो. आपल्याकडे ठेकेदार डांबराचा दीड मीटरचा ढीग ओततो आणि उंची मनाला येईल तशी. मग दुचाकी कडेच्या फटीतून गटारालगत घुसते, पोरं चालतात नेमकी तिथूनच. गाळप हंगामात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन त्यावर आदळला की मोळ्या खाली. म्हणून ३.७ मीटरचा लाकडी साचा कापून जागेवर ठेवायचा आणि डांबर गरम असताना त्यावर तपासायचं. थंड झाल्यावर दुरुस्ती म्हणजे उखडणं. कडेला पाणी जायला जागा ठेवा, पण तिथून दुचाकी घुसू नये म्हणून खांब ठोका. वर काळे-पांढरे पट्टे, आणि ४० मीटर आधी इशाऱ्याचं चिन्ह.

एक अडचण आहे : रस्ता कुणाचा हे आधी काढा. महापालिकेचा असेल तर नगर अभियंत्याकडे जायचं, राज्याचा असेल तर सार्वजनिक बांधकामकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज फिरत राहतो.

सुहास
म्हणजे शुक्रवारी फक्त गेटच्या आतला पालकांचा फलक. अर्जाला काय काय जोडू?

विद्या
पोलीस आयुक्तांना अर्ज, वाहतूक शाखेला प्रत. रस्त्याच्या मालकाला वेगळा अर्ज, त्यात गतिरोधक आणि चिन्हं. दोन्हींना मुख्याध्यापकांचं पत्र, पाळ्यांच्या वेळा, आणि गेटपासून दोन्ही बाजूंची अंतरं टाकलेला हाताने काढलेला नकाशा. अर्जदार शाळा असू द्या, मंडळ नको. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नंदिनी
पालकांच्या फलकाचा मजकूर मी लिहिते. विद्याताई, छापायच्या आधी एकदा नजर टाका.

अंबादास, सोलापूर
टेप घेऊन मी उद्या जातो. नकाशात वळणावरचं झाडही दाखवा, चिन्ह त्याच्या आड जायला नको.