शेगडीच्या स्टीलवरचे पांढरे डाग

प्रश्न: सोलापुरात आमच्याकडं बोअरचं पाणी, शेगडीच्या स्टीलवर पांढरे डाग बसलेत, भाकरीचं पीठ सांडून करपलंय ते वेगळंच. काय लावू?

— ताई, डाग क्षाराचे आहेत. व्हिनेगर नि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यानं लावा, पाच मिनिटांनी धुवून लगेच कोरडं पुसा, पाणी तसंच वाळलं की परत डाग.

— तारेची घासणी नकोच! लोखंडाचे कण अडकतात आणि तेच गंजतात. करपलेल्यावर ओला खायचा सोडा ठेवा, मग स्टीलवर ज्या बारीक रेघा असतात त्यांच्या दिशेनंच घासा.

— ब्लीचवालं लिक्विडपण नको, क्लोराइडनं स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर खराब होतो, बारीक खड्डे पडतात. व्हिनेगरमध्ये तर ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.