योजना आखणाऱ्यानेच तिला मत द्यावं का?

ताळेबंद:
विलीनीकरण, विभाजन, उपकंपनीची विक्री असं काही जाहीर झालं की आपण लगेच शेअरच्या भावाचं बोलायला लागतो. मला आधी हे विचारावंसं वाटतं, की योजना कोणी आखली आणि त्यात त्याचं स्वतःचं काय गुंतलंय?

१६ डिसेंबर २००८ ला सत्यम या भारतीय संगणक-सेवा कंपनीच्या संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घ्यायला मंजुरी दिली. दोन्ही कंपन्या सत्यमचे संस्थापक रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी जोडलेल्या होत्या. 'मेटास' म्हणजे इंग्रजीत 'सत्यम'ची अक्षरं उलटी. एवढं उघड असूनही नामवंत स्वतंत्र संचालकांच्या देखत ठराव पास झाला. गुंतवणूकदार खवळले तेव्हा काही तासांत तो मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात रामलिंग राजूंनी कबूल केलं, की ताळेबंदातल्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता.

म्हणून माझं मत ठाम आहे. ज्याचा फायदा गुंतलाय त्याने ना मंडळात मत द्यावं, ना भागधारकांच्या सभेत.

थकीत खातं:
सत्यम हा गुन्हा होता. त्याच्या मापाने प्रत्येक पुनर्रचना मोजू नका. मी आजारी कंपन्यांच्या कर्जखात्यांवर काम करतो. तिथे वेळ हीच मालमत्ता असते, आणि सगळ्यांची संमती गोळा करता करता ती संपते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, एकाच आठवड्यात, अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि जपानची तोशिबा या दोघांनीही तीन कंपन्यांत विभागणी जाहीर केली. जनरल इलेक्ट्रिकने ती एप्रिल २०२४ पर्यंत पुरी केली. तोशिबाने तीनाचे दोन भाग केले, तरी मार्च २०२२ च्या सभेत भागधारकांनी योजना पाडली. त्याच सभेत कंपनीसाठी खरेदीदार शोधण्याचा एका भागधारकाचा प्रस्तावही पडला. म्हणजे हेही नको, तेही नको. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तोशिबा शेअर बाजारातूनच बाहेर गेली. याला सुशासन म्हणायचं?

ताळेबंद:
तुम्ही तोशिबाची गोष्ट मधूनच सुरू केलीत. २०१५ मध्ये वर्षानुवर्षं फुगवलेला नफा उघड झाला. जून २०२१ च्या स्वतंत्र चौकशीत निघालं, की आदल्या वर्षीच्या सभेआधी व्यवस्थापनाने सरकारी मंत्रालयाशी संगनमत करून परदेशी भागधारकांवर दबाव आणला होता. पाच महिन्यांनी त्याच कंपनीचं व्यवस्थापन म्हणणार, 'आमच्या योजनेवर विश्वास ठेवा'? भागधारकांनी नकार दिला तो योजना आणणाऱ्यांना.

उलट उदाहरण आरजेआर नबिस्को या अमेरिकन सिगारेट-बिस्किट कंपनीचं. १९८८ मध्ये मुख्याधिकारी रॉस जॉन्सन यांनी शेअरला ७५ डॉलर देऊन कंपनी स्वतःच्या गटाकडे घ्यायचं ठरवलं. बाहेरच्या संचालकांच्या समितीने इतरांच्याही बोल्या घेतल्या आणि कंपनी केकेआर या गुंतवणूक संस्थेकडे १०९ डॉलरने गेली. मधले ३४ डॉलर भागधारकांच्या हातून निसटले असते.

दुसरी पाळी:
तुम्ही दोघंही फक्त भागधारकांचं बोलताय. १०९ डॉलर आले कुठून? कर्जातून, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं. मग एकेक धंदा विकायला काढला. या हिशेबात माणसं कुठे आहेत? जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळात, निम्म्या जागा कामगारांच्या आहेत. अध्यक्षाचं निर्णायक मत मालकांच्या बाजूला राहतं, हे खरं. पण कारखाना बंद होणार हे कामगाराला गेटवरच्या नोटिशीतून कळत नाही.

इतिवृत्त:
मी संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिते. एका विलीनीकरणाची २१२ पानं रात्री साडेदहाला मेलवर आली, बैठक सकाळी अकराला. एका संचालिकाबाईंनी मूल्यांकनाच्या पानावर पेन्सिलीने गोल केला होता. विक्रीची वाढ १८ टक्के धरली होती, मागच्या तीन वर्षांची सरासरी होती ६. त्यांनी विचारलं, हे कशावरून? अध्यक्ष म्हणाले, मुदत संपत आलीय, नंतर बोलू. चाळीस मिनिटांत बैठक आटोपली. मला लिहायला सांगितलं, 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.' मी तसंच लिहिलं, आणि ते मला आजही बोचतं.

थकीत खातं:
रात्रीच्या मेलचं समर्थन मी करणार नाही. पण पगाराला पैसे नसलेल्या कंपनीत आठवडाभर कागद वाचत बसायची सोय नसते. हितसंबंधी माणसाला मत नको, हे एकवेळ मान्य. प्रत्येक टप्प्यावर नवी समिती मात्र मला मान्य नाही.

इतिवृत्त:
नवी समिती मीही मागत नाहीये. बाईंचा प्रश्न आणि त्याला उत्तर मिळालं नाही, एवढ्या दोन ओळी इतिवृत्तात यायला हव्या होत्या. त्याला आठवडा लागला नसता.