वॉर्डवर परदेशात शिकलेल्या नर्सेस येताहेत, मेंटॉर म्हणून काय करू?

सीनियर_नर्स: दोघी जणी रुजू होताहेत. भाषेची परीक्षा, रजिस्ट्रेशन सगळं झालंय. दोघींनाही आयसीयूचा चांगला अनुभव आहे. ओरिएंटेशनची फाईल आहे, पण ती वाचून कुणी वॉर्ड चालवायला शिकत नाही. अनुभवी मंडळींनी सुचवा.

रातराणी: आधी रोस्टर बघा. सुरुवातीचे काही आठवडे त्यांना माणसांच्या मोजणीत धरू नका. कागदावर 'जादा' आणि प्रत्यक्षात सहा पेशंट गळ्यात, हे सर्रास चालतं. तसं झालं तर मेंटॉर नावापुरतीच.

नाडीपरीक्षा: एककं! साखर मिग्रॅमध्ये मोजायची सवय असेल आणि तुमच्याकडे मिलिमोल असेल, तर मीटरवर १५ दिसल्यावर ती हायपो (साखर फार कमी) समजून ग्लुकोज आणायला धावेल. खरं तर ते २७० मिग्रॅ आहे, म्हणजे साखर वाढलेली. १८ ने गुणायचं, बस. खिशात मावेल असं कार्ड करून द्या.

सिस्टरबाई: फोनवर डॉक्टरांना कळवणं सगळ्यात अवघड जातं. समोर चेहरा नसतो आणि पलीकडचा घाईत असतो. एसबीएआर (पेशंटबद्दल ठरलेल्या क्रमाने सांगायची पद्धत) पाठ असतं हो, पण बोलायची हिंमत? आधी तुमच्यासमोर एकदा म्हणून घ्या: कोण पेशंट, काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. 'मला काय वाटतं'पाशी बऱ्याच जणी अडतात, कारण डॉक्टरांना मत सांगणं म्हणजे आगाऊपणा, असं वातावरण पूर्वी पाहिलेलं असतं. पहिले काही फोन चालू असताना शेजारी उभ्या राहा. फोन मात्र हातातून घेऊ नका.

जुनी_खोड: सगळे 'शिकवा शिकवा' म्हणताहेत. अहो, त्या आयसीयूतून आल्यात! जर्मनीत गेलेल्या कित्येक नर्सेसची तक्रारच ही आहे, की आंघोळ-जेवण घालणं सगळं त्यांच्याकडे आणि शिरेत सुई लावणं डॉक्टरांकडे. आपल्याकडे कोण काय करतं ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. येणारं काम परवानगीअभावी थांबलं असेल, तर त्याची कॉम्पिटन्सी सही (हे काम येतं अशी लेखी मान्यता) लवकर मिळवून द्या. नाहीतर वर्षभरात सोडून जातील.

सीनियर_नर्स: सुईच्या सहीचं डोक्यातच नव्हतं. रोस्टरसाठी उद्याच मॅनेजरना गाठते. रात्रपाळी कधीपासून द्यावी?

रातराणी: औषधं एकटीने द्यायची सही झाल्यावर. त्याआधी नाही, माणसं कितीही कमी पडोत.