मदत हवी आहे: पाणी वापर संस्थेने दंड लावला, आता लोक दंड भरून पाणी चोरताहेत

टेलकरी:

नमस्कार मंडळी,
नाशिक जिल्ह्यात कालव्याच्या एका वितरिकेवर (फाट्यावर) आम्हा शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे. मी टेलचा, म्हणजे पाणी शेवटी पोचतं त्या टोकाचा शेतकरी आणि यंदा संचालक मंडळावरही आहे. रब्बीच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटतं तेव्हा, शेजपाळीने (एकेकाच्या ठरलेल्या पाळीने) पाणी द्यायचं ठरलेलं असतं. पण हेडला, म्हणजे वरच्या तोंडाशी, ऊस वाढल्यापासून रात्री गेट उचलायचं, चारीत गोणपाट कोंबून पाणी फुगवायचं नि आपल्या वावरात वळवायचं हे सर्रास सुरू झालंय. सकाळी पाटकरी (पाणी सोडणारा संस्थेचा माणूस) फिरतो तेव्हा ज्याची पाळीच नाही त्याच्या उसात पाणी तुंबलेलं असतं आणि खाली आमच्या कांद्याने माना टाकलेल्या असतात.

सर्वसाधारण सभेत पाचशे रुपये दंडाचा ठराव झाला, पावत्याही फाडल्या. आता एक पठ्ठ्या रात्रीच पाटकऱ्याला फोन करतो, "आज पाणी घेतोय रे, सकाळी पावती आणून दे." रात्रभराच्या पाण्याला पाचशे रुपये त्याला कुठे जड आहेत?

दुसरी गोष्ट याहून वाईट. ज्याने तक्रार केली, त्याच्याच ठिबकच्या नळ्या कोणीतरी कापल्या. पाणीपट्टी सगळ्यांच्या आधी भरणारा माणूस आहे तो. आता कोणी तोंड उघडत नाही, आणि चारीचा गाळ काढायलाही माणसं येईनाशी झालीत. "त्यांच्या उसासाठी आम्ही का फावडं मारायचं?" असं ऐकवतात, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दंड पाच हजार करावा, पाळीच तोडावी, की दंडाचा नाद सोडावा? भावकी, सोसायटीची निवडणूक, लग्नकार्य सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे हे धरून सांगा. "कोर्टात जा" हा सल्ला कृपया नको.

जमाखर्च:

तुमचा पाचशेचा दंड म्हणजे पाण्याचा दर झालाय. इस्राएलमध्ये हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांवर असा एक अभ्यास झाला होता, 2000 साली तो छापून आला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत 10 शेकेल दंड सुरू केला. उशीर करणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाईंसमोर ओशाळं वाटायचं, नंतर पैसे टाकले की काम झालं. आणि पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. म्हणून नुसता दंड रद्द करून तुमची जुनी लाजलज्जा परत येईल असं धरू नका.

रिकामटेकडा_प्राध्यापक:

नळ्या कापण्याबद्दल थोडं. फेर आणि गेश्टर यांचा प्रयोग अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. चौघांचा गट, प्रत्येकाला 20 नाणी, सामायिक पेटीत जेवढी टाकाल त्याच्या 1.6 पट होऊन चौघांत सारखी वाटली जातात. काहीही न टाकणाऱ्यालाही वाटा मिळतो, त्यामुळे फेरीगणिक पेटी रिकामी होत जाते. तुमची गाळ काढायची माणसं तशीच गळताहेत. मग स्वतःची पदरमोड करून दुसऱ्याला शिक्षा करायची सोय दिली, तर पेटी पुन्हा भरू लागते.

इथवरचं सगळे सांगतात. पण हाच खेळ 16 शहरांत खेळून पाहिला (2008), तेव्हा अथेन्स, मस्कत अशा काही ठिकाणी जास्त टाकणाऱ्यांनाच लोकांनी शिक्षा केल्या. बहुधा सूड म्हणून, किंवा "फार शहाणा लागून गेलास" म्हणून. तिथे शिक्षेची सोय देऊनही सहकार्य फारसं वाढलं नाही. त्या 16 शहरांत भारतातलं एकही नव्हतं, तरी तुमचा किस्सा त्यातलाच वाटतो. तक्रार एकट्यादुकट्या शेतकऱ्याने करायची हीच पद्धत बदला.

टेलकरी:

पटतंय. पण मग तक्रार करायची कोणी? पाटकरी गावातलाच, हेडवाल्यांच्या घरी चहा पिणारा.

पांझराकाठचा:

आमच्या धुळ्याकडे फड पद्धत होती, काही बंधाऱ्यांवर अजून आहे. तिथे पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, आणि दोघांचं पोट सगळ्या खातेदारांनी मिळून दिलेल्या वाट्यावर. एका फडात, म्हणजे जमिनीच्या एका मोठ्या पट्ट्यात, एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं की अख्खा फड सोडायचा, तोटा सगळ्यांनाच. हेड-टेल भांडणाला जागाच कमी. तुम्हाला जमिनी वाटून घेता येणार नाहीत, पण दोन गोष्टी करता येतील. पाटकरी शेजारच्या गावचा नेमा, आणि पगार संस्थेच्या खात्यातून द्या. दुसरं, पाणी टेलपासून सुरू करून वर आणा. हेडवाल्याची पाळी शेवटी आली की खालचं भरणं लवकर उरकावं अशी घाई त्यालाच होईल.

जमाखर्च:

दंडही एकदम पाच हजारावर नेऊ नका. एलिनॉर ऑस्ट्रॉम (2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी शेकडो वर्षं टिकलेल्या पाणीवाटपाच्या व्यवस्था तपासल्या, त्यांत पहिल्या चुकीला शिक्षा किरकोळ आणि पुढे चढती असायची. स्पेनच्या व्हॅलेन्सियात पाण्याचं पंचमंडळ दर गुरुवारी चर्चच्या दारात उघड्यावर बसतं, तोंडी सुनावणी, तिथल्या तिथे निकाल. निकाल देणारे स्वतः शेतकरीच. तुम्ही असं करा: पहिल्यांदा नाव फळ्यावर, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा चोरलेले तास पुढच्या पाळीतून वजा. तास वजा होणं पैसेवाल्यालाही लागतं.

टेलकरी:

तास वजा करायची कल्पना संचालकांना आवडली. फोनवर पावती मागणाऱ्याचा चुलतभाऊही मंडळात आहे, तोही नाही म्हणाला नाही. बाहेरचा पाटकरी मात्र अवघड, पगार परवडेल का बघावं लागेल. टेलपासून पाणी सुरू करायला हेडचे लोक सभेत कडाडून विरोध करतील. कोणाच्या संस्थेने असा ठराव मंजूर करून घेतला असेल तर मसुदा व्यनिमध्ये पाठवा, सभेच्या नोटिशीसोबत जोडतो.

पांझराकाठचा:

मसुद्याआधी वाघाड धरणाच्या प्रकल्पावर जाऊन या, तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे सगळ्या संस्था मिळून अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप बघतात. जाताना हेडचे दोघे गाडीत घ्या. नुसते टेलचे गेलात तर परत येऊन काहीही सांगा, कोणी ऐकणार नाही.