फेलोशिप सेवेची की हाताची?

समासरेषा
काल टाकदौत यांनी लिहिलं: 'सुलेखन संस्थांची फेलोशिप म्हणजे जुन्या मंडळींनी बंद दाराआड आपल्या माणसांना वाटलेलं बिरुद. त्यापेक्षा जो वर्षानुवर्षं वर्गणी भरतो, वर्ग घेतो, प्रदर्शनं मांडतो, त्याला ती सरळ द्या.' याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

सेवेचा मान राखायला मानद सभासदत्व आहे. फेलोशिप हाताची असते. ब्रिटिश सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १९२१ मध्ये लंडनला सोसायटी ऑफ स्क्राइब्ज अँड इल्युमिनेटर्स काढली ती हस्तलिखिताची कारागिरी टिकावी म्हणून. तिथे नावापुढे एफएसएसआय (म्हणजे त्या सोसायटीचा फेलो) लावायचं तर आजही काम परीक्षकांपुढे ठेवावं लागतं.

आणि परीक्षक बघतात काय? साधं फाउंडेशनल घ्या, म्हणजे रोमनचं पायाभूत गोल वळण. रुंद टोकाची निब ओळीशी ३० अंशांवर, एक्स-उंची (एक्ससारख्या लहान अक्षराची उंची) चार निब-रुंदी. पहिल्या चार ओळी बहुतेकांच्या नेटक्या येतात. पानाच्या तळाशी हात दमतो, कोन ४० कडे सरकतो. मग उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेघा जाडावतात आणि ओ-चा भार कलतो. म्हणून दहा शब्दांच्या पाच चौकटींपेक्षा दोनशे शब्दांचा एक सलग मजकूर परीक्षकाला जास्त सांगतो. अक्षरांमधली अंतरं तपासायला पान उलटं धरतात. अर्थ डोळ्यांआड झाला की पांढऱ्या जागाच समोर येतात. दोन सरळ दांड्यांमधलं अंतर सर्वांत जास्त, दांडा आणि गोलाईत त्याहून कमी, दोन गोलाया सर्वांत जवळ. हे ज्याला पानभर सांभाळता येत नाही त्याने कितीही प्रदर्शनं मांडली असली, तरी फेलो का म्हणायचं?

टाकदौत
कोन आणि अंतरं आम्हालाही कळतात. मुद्दा मोजणारा कोण हा होता, तो तुम्ही सफाईने टाळलात. अर्जावरचं नाव झाकलं म्हणून हात झाकला जातो का? इटालिकच्या जी-ची शेपटी कुणाच्या वर्गात शिकलेली आहे, हे समितीतल्या प्रत्येकाला पहिल्या ओळीत कळतं. शिकवणाराच परीक्षक, आणि नकाराचं पत्र एका वाक्याचं: 'काम अपेक्षित दर्जाचं नाही.' अंतर चुकलं, मांडणी फसली की कागद वाईट निवडला, काहीच नाही. पुढच्या वर्षी अर्जदाराने नेमकं काय बदलायचं? वर चर्मपत्र, माउंट (काम बसवायचा पुठ्ठा), सुरक्षित वाहतूक हा सगळा खर्च त्याच्याच गळ्यात.

बोरूवाला
टाकदौत यांना +१. त्यात देवनागरी पाठवलं तर विचारूच नका. रोमनची सवय असलेला परीक्षक जाड-बारीक तिथेच शोधतो जिथे रोमनमध्ये असतं. आपल्याकडे ते उलट. बोरूचा काप उलट्या तिरप्यात, त्यामुळे वरून डावीकडे खाली येणारी रेघ जाड आणि उजवीकडे उतरणारी बारीक. सरळ कापाच्या निबने रोमनच्या कोनात लिहिलेलं देवनागरी त्याला 'सुसंगत' वाटतं आणि नीट कापलेल्या बोरूचं 'अनियमित'. शिरोरेषेचे सांधे, जोडाक्षराची उंची, रफाराची जागा यांवर कोण बोलणार? लिपी वाचता येणारा एक तरी परीक्षक नसेल, तर तो अर्ज घेऊच नये.

समासरेषा
बोरूवाला, मुद्दा बरोबर आहे, तो नियमात यायला हवा. पण त्यामुळे वर्गणीवाली मागणी योग्य ठरत नाही.

कोरा_कागद
दोघंही एक गोष्ट विसरताय: बरेच अर्ज हल्ली फोटोंवर निकाली निघतात. फोटोत सोनं म्हणजे पिवळा डाग. गेसो, म्हणजे वर्खाखालचा उठावदार लेप, फुगीर आणि गुळगुळीत आहे की खड्ड्याखड्ड्यांचा, हे वस्तू हातात घेऊन फिरवल्याशिवाय कळत नाही. आणि दुरुस्त्या! वाकड्या उजेडात धरलं की दिसतं कुठे कुठे खरवडलंय. एका अर्जात सबंध शब्द खरवडून पुन्हा लिहिलेला निघाला आणि ते काम बाद झालं. योग्यच झालं. फेलोच्या पानावर खाडाखोड नको.

अकीक_घोटणी
बाद? खरवडणं दोष कधीपासून झालं? मध्ययुगीन लेखनिकांच्या चित्रांत एका हातात पीस आणि दुसऱ्या हातात चाकू असतो, तो काय शोभेला? चर्मपत्रावर दुरुस्ती हा कौशल्याचाच भाग आहे. गोल धारेचं पातं जवळजवळ आडवं धरायचं, दाब नाही, एकाच जागी रेंगाळायचं नाही. कार्बनची शाई पृष्ठभागावर बसलेली असते, हलक्या हाताने निघते. आयर्न गॉल (लोह आणि मायफळाची शाई) आत चावते, तिथे खोल जावं लागतं आणि खळगा पडायची भीती असते. मग खोडरबर, मग पातळ कागद ठेवून त्यावरून घोटणी (गुळगुळीत दगडाने घासणं), म्हणजे उठलेले तंतू बसतात. शेवटी चिमूटभर सँडरॅक (राळेची पूड), जास्तीचं झटकून टाकायचं. जास्त राहिलं तर शाई धरत नाही, बारीक रेघा तुटतात. एवढं करून अक्षर शेजाऱ्यांत मिसळून गेलं, तर त्या माणसाला गुण वाढवून द्यायला हवेत.

कोरा_कागद
चर्मपत्राचं ठीक. कागदावर काय? खरवडलं की वरचं साइझिंग, म्हणजे शाई शोषू न देणारी खळ, जातं आणि नवी शाई फुटते. ३०० जीएसएमचा जाड, गुळगुळीत दाबलेला सुती हॉट-प्रेस कागद असला तरी तो भाग मंद दिसतो. तुम्ही कागदाबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण तिथे तुमचा मुद्दा टिकत नाही.

अकीक_घोटणी
कागदावर गवाश (अपारदर्शक जलरंग) वापरा! तो वर बसतो, सुटतोही. आणि दुसऱ्यांदा लिहिताना रंग जरा घट्ट ठेवा, पातळ असला तर पसरणारच. काम बाद करणाऱ्यांपैकी कितीजणांनी पातं हातात धरलंय हे विचारा आधी. खोडलेलं नको म्हणून लोक जोखमीची मांडणीच टाळतात. मोठी मुळाक्षरं नाहीत, घट्ट ओळी नाहीत, सगळं सुरक्षित आणि मेलेलं. जॉन्स्टनने चांगल्या लेखनाचे तीन गुण सांगितले: रेखीवपणा, एकात्मता आणि मोकळेपणा. तिसऱ्याचा जीव तुमचा हा नियम घेतो.

कोरा_कागद
'पातं हातात धरलंय का' ही भाषा जपून वापरा. नियम कारागिराच्या विरोधात नाही. दुरुस्ती दिसते म्हणून काम बाद होतं, केली म्हणून नाही. वरच्या उदाहरणात शब्दाभोवती चमक उडालेली होती, घोटलेलंच नव्हतं. न दिसणाऱ्या दुरुस्तीला माझी हरकत नाही, एवढं लिहून देतो.

अकीक_घोटणी
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर मी तापलो नसतो. आणि गेसोचं तुमचं बरोबर आहे, ते फोटोवर ठरवणं चूकच. त्याचं प्रमाण बघा: आठ भाग पाण्यात मारलेलं प्लॅस्टर, तीन भाग सफेदा, एक साखर, एक माशाचा सरस, रंगापुरती लाल माती. साखर कमी पडली तर तडा जातो, जास्त झाली तर दमट हवेत चिकट राहतो, सरस वाढला तर दगड होतो आणि फुंकरीच्या ओलाव्याने वर्ख धरत नाही. मिश्रण वाटताना बुडबुडा राहिला की सुकल्यावर तिथे खड्डा. यातला एकही दोष फोटोत दिसत नाही. (सफेद्यात शिसं असतं. कोरडी पूड उडवू नका, मुखपट्टी बांधा.)

समासरेषा
धागा खरवडण्यात गेला, पण त्यातूनच उत्तर निघालं. मूळ काम बघा. दोषाचं नाव लिहा: 'तिसऱ्या ओळीत दुरुस्तीभोवतीची चमक गेली', 'बाराव्या ओळीपासून कोन बदलला'. अर्जदाराला ज्याने शिकवलं, त्याने त्या अर्जावर मत द्यायचं नाही आणि त्या वेळी खोलीतही बसायचं नाही. अपरिचित लिपी असेल तर ती वाचणारा जाणकार बाहेरून बोलवायचा.

टाकदौत
हे चार नियम पाळले जात असतील, तर वर्गणीवर फेलोशिप ही मागणी मी सोडतो. नाइलाजाने, कारण ती मागणी मुळात नकाराच्या पत्रांच्या रागातून आली होती. लेखी कारणांवर मात्र तडजोड नाही. प्रत्येक कामामागे निदान तीन वाक्यं, आणि त्यातलं एक पुढच्या वेळी काय करावं याबद्दल. वाहतुकीचा खर्च निदान नाकारलेल्यांना तरी संस्थेने परत करावा.

समासरेषा
तीन वाक्यांना माझी पूर्ण संमती. खर्चाचं पटत नाही, त्याने वर्गणी वाढेल आणि नवशिके सभासदच गळतील. त्यापेक्षा आधी फोटोंवर फक्त प्राथमिक चाळणी करावी आणि मूळ काम त्यातून पुढे गेलेल्यांकडूनच मागवावं.

बोरूवाला
चाळणी करणाऱ्यालाही देवनागरी वाचता यायला हवी, हे त्याच नियमात लिहा. नाहीतर आमचं काम फोटोवरच गळेल.