मदत हवी आहे: हवेचा दाब उतरला की मासे खरंच जास्त गळाला लागतात का?

गळ टाकून बसणाऱ्या जुन्या मंडळींकडून एक गोष्ट हमखास ऐकतो: वादळापूर्वी दाब उतरू लागला की मासा आमिषावर तुटून पडतो, आणि आभाळ स्वच्छ होऊन दाब चढला की तोंड उघडत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘वाताशयाला (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला) जाणवतं.’

माझं घोडं इथेच अडतं. १० हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) म्हणजे हवामानातला बऱ्यापैकी मोठा उतार. पण पाण्यात तेवढा फरक पडायला जेमतेम १० सेंटीमीटर वरखाली व्हावं लागतं. मासा तर दिवसभर त्याहून कितीतरी जास्त वरखाली करतो! मग त्याला हा हळूहळू झालेला बदल कसा कळणार?

मला तरी वाटतं, श्रेय दाबाला मिळतं आणि काम करतात ढग नि वारा. उजेड कमी, पृष्ठभागावर लाटा, म्हणजे काठावरची आपली सावली माशाला नीट दिसत नाही. (शिवाय अशा दिवशी आपणही जास्त आशेने बसतो, रिकाम्या हाताने परतलेले दिवस लक्षात राहत नाहीत.)

कुणी दाब, पाण्याचं तापमान, ढग आणि वारा अशी रोजची नोंद ठेवली आहे का? विशेषतः दाब उतरला पण आभाळ निरभ्र, वारा नाही, असे दिवस हवे आहेत. तेव्हा काय झालं? मासे मिळाले नाहीत ते दिवसही कृपया सांगा.